स्पीकर पारखायचा तर तानपुऱ्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महागड्या बुकशेल्फ म्हणजे छोट्या आकाराच्या स्पीकर्सवरचे लेख पुरवण्यांमध्ये येतात, मी आवडीने वाचतो, पण त्यात वॅट किती, वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग) केवढा हेच असतं आणि शेवटी 'आवाज एकदम क्लिअर' असं एखादं वाक्य. लाख-दीड लाखाची जोडी घेणाऱ्याला यातून काय कळणार? ऐकायचं कसं, ते लिहा ना.

माझ्या मते स्पीकर माणसाच्या गळ्यावर आणि तानपुऱ्यावर पारखावा. दुकानात जे डेमो ट्रॅक लावतात ते बहुतेक सगळ्याच स्पीकरवर छान वाजतात. बीबीसीने सत्तरच्या दशकात ओबी व्हॅनसाठी (स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसाठी) एलएस३/५ए हा छोटासा मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर, बनवला, त्यांचे इंजिनिअर प्रत्यक्ष माणसाचं बोलणं आणि स्पीकरमधून येणारं बोलणं शेजारी शेजारी ऐकून बघायचे, आणि त्या डब्याला आज पन्नास वर्षांनीही मागणी आहे.

आता तानपुरा. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला असते, पाच इंची वूफर तिथे दमायला लागतो. तरीही खर्ज ऐकू येतो, कारण जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे) वरचे स्वर भरपूर निघतात आणि कान त्यावरून खालचा सा भरून घेतो. म्हणजे छोटा स्पीकर प्रामाणिक असेल तर बेस कमी असूनही तानपुरा पूर्ण वाटतो. पण कित्येक स्पीकर्समध्ये बेस जास्त आहे असं भासावं म्हणून १००-१५० हर्ट्झच्या आसपास मुद्दाम फुगवलेलं असतं, मग खर्ज घुमायला लागतो, डग्ग्याची मींड कळतच नाही नुसतं धम्म धम्म, आणि गायकाचा आवाज सर्दी झाल्यासारखा. वरच्या बाजूला ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) तिखट असेल तर स आणि श टोचतात. दुकानात पहिली दहा मिनिटं हेच 'डिटेल' वाटतं, घरी तासाभरात कान थकतो.

दोन जोड्या ऐकताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या, हे तर फार महत्त्वाचं, कारण एखाद-दोन डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगलाच वाटतो. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) लावून मोबाइलवरच्या मीटरने हे जमतं. आणि नाव, किंमत दिसू देऊ नका. कॅनडात ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले तेव्हा बहुतेकांनी सपाट रिस्पॉन्सवालेच, म्हणजे कुठलाही स्वर न फुगवणारे, पसंत केले.

शिवाय आपल्या खोल्या! टाइल्स, सिमेंटच्या भिंती, काचेच्या खिडक्या. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपास खोलीच घुमते, स्पीकर कितीही भारी असू दे. नाव बुकशेल्फ असलं तरी पाठीमागे पोर्ट (हवेसाठी भोक) असलेला स्पीकर खरंच फडताळात कोंबला तर बेस चिखल होतो, त्याला स्टँड हवा, ट्वीटर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हात-दीड हात पुढे.

म्हणून दुकानदारांना विनंती, डिपॉझिट घ्या पण जोडी दोन दिवस घरी ऐकायला द्या. आणि तुमच्या समीक्षकांनी खोली केवढी होती, स्पीकर कुठे ठेवले होते, कोणतं गाणं ऐकलं, एवढं तरी प्रत्येक लेखात छापावं.

आपला,
गाण्यावर जीव असणारा एक वाचक, पुणे