फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस म्हणून लिहितेय

दादू,

पोचले नीट, गुडघाही बरा आहे. आता मुद्द्याचं.

पंधरा दिवस तुमच्याकडे राहिले ना, तेव्हा बघत होते. रात्री साडेनऊला तू ताट घेऊन बसतोस, तुझी बायको सांगत असते की पिल्लू दुपारभर रडत होतं आणि तू मोबाईलमधून मान वर न करता म्हणतोस, "दाखव ना मग डॉक्टरला." पाचसहा दिवसांनी तिने सांगणंच बंद केलं, तुझ्या लक्षात तरी आलं का? दुपारी बाळ झोपलं की ही आडवी होत नाही, कणीक अर्धी मळून तशीच ओट्याला टेकून उभी असते.

आता आईतली बाई जागी झाली म्हणशील, सायकॉलॉजीची, पण ऐक. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा ब्राऊन आणि हॅरिस यांनी अभ्यास केला होता, १९७८ला छापून आला, मी वर्गात दरवर्षी शिकवायचे. आयुष्यात काही मोठं घडलं की डिप्रेशन कोणाला जास्त गाठतं? तर जिला मनातलं बोलायला नवरा किंवा तसं जवळचं माणूस नाही, जिला बाहेर नोकरी नाही, जिची आई ती ११ वर्षांची व्हायच्या आत गेली. हिची आई गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती रे. आणि नोकरी बाळंतपणात सुटली. उरलं काय, तर तू.

अमेरिकेतही ४,६४२ लोकांना दहा वर्षांनी परत तपासलं, नाती सगळ्यात वाईट असलेल्यांत सातात एकाला डिप्रेशन आणि सगळ्यात चांगली असलेल्यांत पंधरात एकाला. माणसं किती वेळा भेटतात बोलतात याने फरक पडला नव्हता, त्यामुळे तुझा रोजचा "जेवलीस का" फोन मला पण फार पुरत नाही हं.

तुझ्या वेळी माझंही असंच झालं होतं. बाबा पगार हातात ठेवायचे, विचारायचे कधी नाहीत, माणूस वाईट नव्हता. शेजारच्या काकू रोज दुपारी मेथीची नाहीतर कोथिंबिरीची जुडी घेऊन यायच्या निवडायला, त्यांना काय स्वतःच्या घरी निवडता येत नव्हती? तुमच्या चौदाव्या मजल्यावर कोण येणार जुडी घेऊन.

ती चिडली तर उलट चिडू नकोस, आजारातही माणूस तसंच वागतं. तिचं हे असं चालून दोन आठवडे होऊन गेलेत, सोबत जाऊन डॉक्टरांना दाखव, "तू जाऊन ये" नको. टेली मानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, तोवर त्यावर बोला.

डिंकाचे लाडू फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहेत, तिच्यासाठी केलेत, तू संपवू नकोस.

आई