लाज सोडून गेलो, पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लेख वाचला. माहिती बरोबर आहे, लेखकांचा हेतूही चांगलाच असणार. परंतु बायका तपासणीला येत नाहीत याचे खापर त्यांनी ज्या सहजतेने बायकांच्या लाजेवर फोडले आहे, ते पाहून हे पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही. 'भगिनींनो, लाज सोडा' हा उपदेश दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पुरवणीत असतोच. आमच्या भिशीतल्या आम्ही चौघीजणींनी मागच्या वर्षी तो मनावर घेतला होता.

आम्ही जवळच्या सरकारी रुग्णालयात गेलो. नाव लिहीत नाही, कारण हा काही त्या एकट्या रुग्णालयाचा दोष नव्हे. केसपेपरच्या खिडकीवर प्रश्न आला, "त्रास काय होतोय?" त्रास काही नाही, तपासणी करून घ्यायची आहे, असे सांगितल्यावर खिडकीतल्या गृहस्थांनी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "त्रास नाही, मग आलात कशाला?" कागदावर काहीतरी तक्रार लिहावीच लागते म्हणून चौघींच्याही केसपेपरवर त्यांनीच 'पांढरे जाणे' असे लिहून टाकले. आत गेलो तर तपासणीच्या टेबलावर सलाईनची खोकी रचलेली, दाराला कडी नाही, आणि पडद्याची दांडी होती पण पडदा नव्हता. सिस्टर बिचाऱ्या खोकी उतरवू लागल्या, तेवढ्यात कळले की तपासणाऱ्या मॅडम फक्त शिबिराच्या दिवशी येतात. शिबिर कधी, असे विचारले तर उत्तर मिळाले, "पेपरात येईल." आपल्या पेपरात ते अद्याप आलेले नाही.

ही तपासणी मुळात त्रास नसलेल्या बाईसाठीच असते, एवढे तरी खिडकीपर्यंत पोहोचायला हवे होते. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही हा विषाणू बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. जिच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, तिच्या गर्भाशयमुखाच्या पेशी बिघडत जाऊन कर्करोग व्हायला साधारणपणे पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि त्यातला बराच काळ तिला काहीच जाणवत नाही. याच काळात दोष सापडला तर बाह्यरुग्ण विभागातल्या लहानशा उपचाराने काम भागते. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले की मग धावाधाव सुरू होते, आणि तेव्हा रेडिएशन व केमोथेरपीवाचून अनेकदा गत्यंतर नसते.

राहता राहिला लाजेचा मुद्दा. लेखकांनी आमच्याच जिल्ह्याचा इतिहास चाळला असता तर बरे झाले असते. 1999 पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांमध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. ज्या गावांत एचपीव्ही चाचणी देऊ केली, तिथल्या 80 टक्क्यांच्या आसपास स्त्रियांनी ती करून घेतली. या शेतावर राबणाऱ्या, पदर डोक्यावरून न ढळू देणाऱ्या बायका होत्या. एकदाच केलेल्या त्या चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगापुढे मांडले गेले. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या किती, तर 1.9 टक्के! मधल्या काळात आम्ही अचानक लाजाळू झालो की काय? डॉक्टर नाहीत ही सबबही जुनीच आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी जेमतेम चार आठवड्यांच्या प्रशिक्षणावर गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड (म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण) लावून ही तपासणी केली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. शिवाय एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. मग त्यात लाजायचे कोणाला? लेखात याचा उल्लेखही नाही. मुलींच्या एचपीव्ही लसीवर अर्धे पान आहे, आणि ते योग्यच आहे. पण चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलींना दिलेल्या लसीने त्यांच्या आयांचे काय भले होणार?

आपल्याला खरोखर काही करायचे असेल तर जिल्ह्यातील कोणत्या केंद्रात, कोणत्या वारी, कोण ही तपासणी करते आणि अहवाल किती दिवसांत मिळतो, याची यादी छापावी. आम्ही ती कापून भिशीत वाटू.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेवर 'मर्यादित काळासाठी विशेष सवलत' अशी रंगीत जाहिरात आहे. बीड जिल्ह्यात तपासलेल्या 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढली गेल्याचे 2019 मध्ये शासनाच्याच समितीला आढळले होते, आणि कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावल्याचे त्यांतल्या अनेकींनी सांगितले होते. त्याविषयीचे आपले संतप्त अग्रलेख मी वाचले आहेत. जाहिरात विभागाकडेही ते पाठवता आले तर पाहावे.

आपली नियमित वाचक,
धाराशिव जिल्हा