गवताच्या पाटात होडी कशाला?

महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मृदसंधारणावर पानभर लेख छापलात, त्याबद्दल आभार. तिथल्या मृदसंधारण चळवळीचा प्रणेता ह्यू बेनेट, धुळीची वादळं, १९३५चा मृदसंधारण कायदा हे सगळं ठीक आलंय. पण पानाच्या मधोमध 'गवताळ जलमार्ग' या ओळीवर लव्हाळ्यातून निघालेल्या होडीचं छायाचित्र कोणत्या विद्वानाने टाकलं, ते कळायला हवं. मूळ शब्द 'ग्रास्ड वॉटरवे', म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी धूप न होता खाली नेणारा, गवत लावलेला उथळ पाट. आयोवातल्या मक्याच्या शेतात त्यातून होडी न्यायची तर ढगफुटीची वाट पाहावी लागेल, आणि पाणी ओसरायच्या आत पैलतीर गाठावा लागेल. एरवी तिथे नुसतं गवत असतं. शेतकरी ते कापून वैरणीला नेतो.

छायाचित्राचं जाऊ दे. मजकुरातली चूक त्याहून महागात पडणारी आहे. लेखक म्हणतात, शेतकऱ्यांनी आधी उतारावर टेरेस घातले आणि पुढे सवडीने पाण्याला वाट करून दिली. हे अगदी उलटं आहे. आधी वाट, म्हणजे हाच पाट, तिच्यात गवताने मूळ धरायचं, आणि मगच ताल (म्हणजे टेरेस). निदान एक हंगाम थांबायचं. जमीन हलकी आणि उतार जास्त असेल तर दोन. ताल नसतो तेव्हा पाणी शेतभर पसरून वाहतं. ताल घातला की तेच पाणी गोळा होऊन एका कोपऱ्यात येतं. त्या कोपऱ्यात नांगरलेली माती असेल तर एका जोरदार पावसात घळ पडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्जिया, अलाबामा, कॅरोलायना भागात नेमकं हेच झालं. तालांचं पाणी कुंपणाच्या कडेला किंवा रस्त्याच्या गटारात सोडून दिलं, आणि ताल शाबूत राहिले तरी कडेला घळी पडल्या. बेनेटच्या माणसांनी पुढे जे शिकवलं त्यातलं निम्मं या चुकीतून आलेलं आहे, आणि तुमच्या लेखाने तीच चूक कृती म्हणून छापली.

आता 'टेरेस' म्हणजे काय, तेही. लेखकांच्या डोळ्यांसमोर भातखाचराच्या पायऱ्या दिसतात. अमेरिकन शेतातला ताल हा प्रिस्टली मँगमने १८८५च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात काढलेल्या रुंद पायाच्या तालाचा वंशज. वरच्या अंगाला उथळ चर, खाली सव्वा-दीड फूट उंचीचा वरंबा, दोन्हींचे उतार इतके सपाट की ट्रॅक्टर आडवा चालतो आणि पीक वरंब्यावरही येतं. चाळीस इंची ओळींच्या चार ओळी म्हणजे तेरा फूट चार इंच. म्हणून तालाची एकेक बाजू साधारण तेवढी ठेवायची, म्हणजे पेरणीयंत्र एका फेरीत बसतं. सात-आठ टक्क्यांच्या वर उतार गेला की हा प्रकार जमत नाही. दोन तालांमधलं उभं अंतर काढायला रॅमसरचं सूत्र आपल्याकडे बांधबंदिस्तीच्या वर्गांतही शिकवतात: उताराचा टक्का भागिले तीन, अधिक दोन, उत्तर फुटांत. सहा टक्के उताराला चार फूट, म्हणजे जमिनीवर साधारण सदुसष्ट फूट. चराला ढाळ शंभर फुटांना चारेक इंच. डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून पन्नास-पन्नास फुटांवर खुंट्या मारायच्या, नजरेच्या अंदाजाने नव्हे. ढाळ जास्त झाला तर चरच खचतो. कमी झाला तर पाणी साचतं, पीक पिवळं पडतं आणि वरंब्याच्या सखल जागेवरून पाणी उडी मारतं. ती सखल जागा बहुधा ट्रॅक्टर नेहमी ओलांडतो तिथेच असते. सगळ्यात वरच्या तालाची काळजी सर्वांत जास्त, कारण तो फुटला की त्याचं पाणी खालच्यावर येतं, आणि मग एकामागून एक सगळे फुटतात.

पण मुद्दा पाटाचा. त्याला लेखात दीड ओळ मिळाली (आणि एक होडी). पाट नैसर्गिक लवणातच काढायचा. जुनी घळ असेल तर भरून, दाबून, बशीसारखी उथळ करायची. बाजू एकास चार किंवा त्याहून सपाट, म्हणजे कापणीयंत्र आडवं जातं. पाटाचा तळ तालाच्या चराच्या तळापेक्षा थोडा खाली हवा. तसा नसला तर पाटातलं पाणी उलट चरात शिरतं आणि चराच्या तोंडाशी गाळ बसतो. शेणखत घालून दाट बी पेरायचं, सोबत ओट, वर पेंढा, आणि गवत धरेपर्यंत वरचं पाणी दुसरीकडे वळवायचं. उत्तरेकडे केंटकी ब्लूग्रास, ब्रोम, ओलसर जागी रीड कॅनरी. दक्षिणेकडे बर्म्युडा ग्रास, म्हणजे आपली हराळी. आपला शेतकरी जन्मभर जिच्या नावाने बोटं मोडतो, ती तिथे मुद्दाम लावली गेली, कारण तिच्याइतका पाण्याचा मारा सोसणारं गवत दुसरं नाही. ओक्लाहोमात स्टिलवॉटरच्या प्रयोगशाळेत खऱ्या चरांतून मोजून पाणी सोडून हे तपासलेलं आहे. घट्ट जमिनीत पाच टक्क्यांपर्यंतच्या उतारावर हराळी सेकंदाला आठ फूट वेग सोसते, ब्लूग्रास सात. उघडी माती दोन-तीन फुटांना हार मानते.

त्याच प्रयोगशाळेच्या कामातली एक बारीक गोष्ट लेखकांना सांगावीशी वाटते. पाटाचा हिशेब दोनदा करतात. वेग तपासायचा तो गवत नुकतंच कापलेलं आहे असं धरून, कारण तेव्हा पाणी सर्वांत जोरात धावतं. पाटाची क्षमता तपासायची ती गवत गुडघाभर वाढलेलं आहे असं धरून, कारण तेव्हा पाणी अडखळून सर्वांत उंच चढतं. एकच हिशेब केला की पाट एक तर खचतो, नाही तर काठाबाहेर जातो.

आणि पाट बिघडतो कसा? चार-पाच ठरलेल्या प्रकारांनी, आणि त्यातले बहुतेक शेतकऱ्याच्या हातचे. वळताना नांगर न उचलता पाटातून ओढला. पाटाचा रस्ता केला. चाकोरीतून पाणी धावलं. पाटाच्या काठाला लागून उभा मोकळा तास सोडला. पाणी पाटात न शिरता त्या तासातून गेलं आणि गवताला समांतर नवी घळ निघाली. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे वरचं शेत तसंच उघडं ठेवून फक्त पाट करणं. गवत गाळ अडवतं, मधला भाग फुगत जातो, आणि पाणी दोन्ही काठांनी वाहू लागतं. एका घळीच्या जागी दोन.

लेखातलं 'समपातळीच्या नांगरटीने धूप थांबली' हे वाक्यही खोडायला हवं. विशमायर आणि स्मिथ यांच्या धूप मोजण्याच्या १९६५च्या सूत्रात नुसत्या समपातळी (उताराला आडव्या) मशागतीला दोन ते सात टक्के उतारावर अर्धा गुणांक आहे, म्हणजे उभ्या नांगरटीच्या निम्मी माती तरीही जातेच. अठरा टक्क्यांपुढे गुणांक ०.९, म्हणजे जवळपास काहीच फायदा नाही. सोबत मका, ओट आणि लसूणघासाचे आळीपाळीने पट्टे घेतले तर गुणांक पाव होतो. वर्षाला एकरी पाच टनांपर्यंत धूप चालवून घ्यायची हा खोल जमिनीचा निकष होता. एकरभर एक इंच माती साधारण दीडशे टन भरते, त्या मानाने हा आकडा पाहा. 'थांबली' हा शब्द त्या शास्त्रज्ञांनी वापरला नाही, तुम्हीही वापरू नये.

'सरकारने सक्ती केली' हेही तितकंसं खरं नाही. १९३७पासून राज्याराज्यांत मृदसंधारण जिल्हे झाले ते शेतकऱ्यांच्या मतदानाने. आराखडा आणि लेव्हल सरकारी माणसाची, सही आणि नांगर शेतकऱ्याचा, खर्चात सरकारचा वाटा. सरकार चुकलंही. कुडझू नावाचा वेल एकरी आठ डॉलरपर्यंत देऊन लावायला लावला, आणि १९५३मध्ये अनुदानाच्या यादीतून गुपचूप काढला, कारण तो झाडं, खांब, ओसाड घरं सगळंच गिळत सुटला होता. यशोगाथेत याला दोन ओळी द्यायला हरकत नव्हती.

जाता जाता आणखी एक. १९५४च्या छोट्या पाणलोटांच्या कायद्यात म्हणे 'अडीच लाख एकरांची धरणं' बांधायची होती. अडीच लाख एकर ही पाणलोट क्षेत्राची कमाल मर्यादा होती. एका धरणाची मर्यादा मूळ कायद्यात ५,००० एकर-फूट साठ्याची. एकर-फूट म्हणजे एकरभर जागेवर फूटभर उभं पाणी, ४३,५६० घनफूट. ५,००० एकर-फूट म्हणजे ६.१७ दलघमी. दलघमी आणि टीएमसी तुमच्या अंकात पावसाळाभर रोज छापता, मग पुरवणीतच ते गणित का चुकावं? दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापावी, आठव्या पानाच्या तळाशी नव्हे.

आपला,
एक वाचक (नाव छापू नये)
सोलापूर