आधी पोछा धुवा

महोदय,
पाऊस लागला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. फरशी पुसली तरी कुबट वास जात नाही. मग बादलीत फिनेलची दोन-दोन झाकणं पडतात. वास फरशीचा नसतोच, तो पोछ्याचा असतो. माझी सगळी नोकरी मिरजेत वॉर्डात गेली, म्हणून हे खात्रीने लिहिते आहे.

रुग्णालयात तीन बादल्या लागतात. पहिलीत मॉपचा मळ सोडायचा, दुसरीत तो पुन्हा खळबळून पिळायचा आणि मगच तिसरीतल्या जंतुनाशकात बुडवायचा. मॉपमध्ये मळ राहिला की औषधाचा जोर त्या मळावरच खर्ची पडतो. घरी तीन नकोत, पण दोन बादल्या कुणालाही जमतील. संडास-बाथरूमचा पोछा मात्र वेगळाच हवा. तोच स्वयंपाकघरात फिरलेला बघवत नाही.

काम झालं की पोछ्यातले केस, माती नळाखाली काढून टाका आणि तो कपड्यांच्या पावडरीच्या गरम पाण्यात चोळून धुवा. सुती असेल तर आठवड्यातून एकदा पाच लिटर पाण्यात साधारण 100 मिली द्रव ब्लीच घालून दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ पाण्यातून काढा. गोल फिरणाऱ्या मॉपच्या मायक्रोफायबरला ब्लीच चालत नाही. कपडे मऊ करणारं द्रव्यही नको, धागे पाणी शोषेनासे होतात. आणि एक कळकळीने सांगते, संडास धुवायचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीव घाबरा होतो.

धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं. रात्रभर बादलीत उभा ठेवलेला पोछा सकाळी बोटांनी दाबून बघा, बुळबुळीत लागतो. झुपका वर करून उन्हात ठेवा, ऊन नसेल तर पंख्याखाली. एक जादा झुपका घेतला की ओला वापरायची वेळ येत नाही.

आमच्या इमारतीत तळापासून वरपर्यंतचा जिना एकाच बादलीतल्या पाण्याने पुसला जातो. वरच्या मजल्यावर पाणी वाळलं की पायऱ्यांवर करडे पट्टे उमटतात. बोलणी खातात त्या मावशी. त्यांच्या हाती आपण काय देतो? फाटका बनियन आणि थंड पाणी. पावसाळ्यात त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी सोलून निघते, तरी हातमोज्यांचा विषय कुणी काढत नाही.

देखभालीच्या वर्गणीतून दोन बादल्या, दोन मॉप, रबरी हातमोजे आणि गच्चीवर मॉप अडकवायला एक दांडी एवढं तरी प्रत्येक सोसायटीने यंदाच करावं. पाणी दर मजल्याला बदलायचं तर वरच्या मजल्यावर नळही हवा. नसेल तर तोही बसवावा.

— एक निवृत्त परिचारिका, मिरज