वाणिज्यमंत्री साहेब, बांगलादेशचं गिऱ्हाईक आपणच घालवतोय

मा. केंद्रीय वाणिज्यमंत्री साहेब,
नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. बांगलादेशच्या गाड्या भरायला लागल्या की लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात लगेच बोली वर जाते आणि बॉर्डर बंद झाल्याचा नुसता मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तरी व्यापारी हात आखडता घेतो, म्हणून दिल्ली आणि ढाक्याचं काय चाललंय यावर आमचा कायम डोळा असतो.

२९ सप्टेंबर २०१९ ला आपण एकाएकी निर्यातबंदी केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या, भर कार्यक्रमात हिंदीत बोलल्या की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. सभागृहात लोक हसले. पण एका देशाची पंतप्रधान आपल्याकडे फक्त आगाऊ सूचना मागत होती हो, तेवढं पण आपण दिलं नाही.

कारण २०२० ला परत तेच. मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये लासलगाववरून रेल्वेने कांदा थेट बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला गेला, केवढं कौतुक झालं होतं, आणि १४ सप्टेंबरला बंदी. पश्चिम बंगालच्या बॉर्डरवरच्या घोजाडांगा, महदीपूरच्या नाक्यांवर भरलेले ट्रक रांगेत उभे. ताडपत्रीखाली गोणीतला कांदा दोन-चार दिवसांत घामेजतो, मग कोंब फुटतो, मग पाणी सुटतं आणि एक सडका कांदा आजूबाजूचे घेऊन बसतो. त्या मालाचे पैसे कोण देणार?

मग ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला पुन्हा बंदी. १ एप्रिल २०२५ ला शुल्क पूर्ण काढलंत, चांगलं केलंत, पण तोवर तिकडचा व्यापारी पाकिस्तान, इजिप्त, चीनचा माल आणायला शिकला, आणि पाबना-फरीदपूरचा त्यांचा स्वतःचा कांदा आहेच. त्यांचा माल निघाला की ते आयात थांबवतात. स्वतःच्या शेतकऱ्याला जपतात, यात मी त्यांना नावं ठेवणार नाही.

त्यात आता राजकारण आलंय. त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांवर अडवलं, आपण मे २०२५ मध्ये त्यांचे तयार कपडे अडवले. भांडण कशावरून पण असू दे, नाशवंत माल त्यात ओढू नका.

ढाक्याशी लेखी करार करा. वर्षाला ठरलेला इतका कांदा आपण देणारच आणि ते घेणारच, कुणालाही थांबवायचं असेल तर दोन महिने आधी कळवायचं, आणि ज्या मालाची एलसी (पैशाची बँक हमी) उघडलीय किंवा जो गाडीत भरलाय तो कुठल्याही आदेशाने अडवायचा नाही. नवीन लाल कांदा बाजारात यायच्या आत ही बोलणी सुरू झाली पाहिजेत, आणि बोलणी करताना लासलगावचे दोन शेतकरी आणि दोन निर्यातदार सोबत बसवा, आम्ही स्वखर्चाने यायला तयार आहोत.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा उत्पादक