ड्युटीचा कागद आधी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षकांच्या मानसिक आरोग्यावरचा कालचा लेख वाचला. समुपदेशन, प्राणायाम हे सगळं हवंच. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांकही प्रत्येक स्टाफरूममध्ये लावावा. पण कोविडच्या साथीत शिक्षकांची झोप ज्याने उडाली, त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका निरोपावर माणसं घरोघरी पाठवली गेली, ही ती गोष्ट.

सप्टेंबर २०२० मधलं राज्याचं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' हे घरोघरी तपासणीचं अभियान आठवा. तिघांचं पथक, दिवसाला ५० घरं. कळवा किंवा वागळे इस्टेटच्या चाळीत ऑक्सिमीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट तरी दारात, हातभर अंतरावर उभं राहावं लागतं. बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. बोट बदलून पुन्हा बघायचं. प्रत्येक बोटानंतर यंत्र पुसायचं. ताप बघताना उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं लागतं, त्याला सावलीत बसवून पुन्हा मोजायचं.

अशा कर्तव्यावर मृत्यू आला तर वारसांना ५० लाखांचं साहाय्य, असा राज्याचा २९ मे २०२० चा निर्णय होता. त्यातली अट बघा: रुग्णालयात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत कर्मचारी कर्तव्यावर हजर होता, हे प्रमाणित हवं. निरोप फोनमध्ये, तो फोन वारलेल्या माणसाचा, त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. मग त्याच्या बायकोने काय दाखवायचं?

म्हणून आदेशावर जावक क्रमांक, तारीख, नाव, वॉर्ड, वेळ आणि अधिकाऱ्याची सही हवी. एक प्रत शाळेत, एक शिक्षकाच्या घरी. रोजच्या हजेरीवर पथकप्रमुखाची सही, त्या पानाचा फोटो घरच्यांकडेही. मुख्याध्यापकांनी आदेश हातात पडल्याशिवाय कुणालाही शाळेबाहेर सोडू नये.

आणि वर्गाचंही लिहितेच. साथीत मास्क लावून साठ मुलांपर्यंत आवाज पोचवताना शिक्षिकांचे घसे बसले. मास्क बोलून ओला होतो, म्हणून तासांच्या मध्ये बदलायला दुसरा हवा. कॉलरला लावायचा छोटा माइक प्रत्येक वर्गाला द्या. दोन सत्रांच्या शाळांत सकाळचे वर्ग सुटले की समोरासमोरच्या खिडक्या उघडून अर्धा तास खोली रिकामी ठेवा. खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या या मे महिन्यातच उघडून घ्या.

एक निवृत्त मुख्याध्यापिका,
नौपाडा, ठाणे