गाईच्या तोंडात हात घालू नका, असे फोनवरच बजावणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,

सादर नमस्कार.

रेबीज झालेली आमची गाय वाचली नाही, आणि तरीही मी आभाराचे पत्र लिहितो आहे, याचे आपल्याला नवल वाटणार नाही. कारण ती वाचणार नाही हे आपण आल्यापासून अर्ध्या तासात, खोटी आशा न लावता, आम्हाला सांगून टाकले होते. हे पत्र बंद पाकिटात न पाठवता उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की इंदूरच्या आसपास, सिमरोलपासून महू-बेटम्यापर्यंत, दोन-चार जनावरे बाळगणारी मराठी घरे अजून आहेत, आणि आमच्या हातून झालेली चूक त्यांच्यापैकी कोणाच्याही हातून होऊ शकते.

चंद्री आमची दुसऱ्या वेताची मालवी गाय. माघात ती एकाएकी सारखी हंबरू लागली, शेजारच्या कालवडीवर उडू लागली आणि दूध निम्म्यावर आले. माजावर आली असे समजून आम्ही कृत्रिम रेतन करणाऱ्याला निरोपही धाडला. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून लाळेची तार सुटली, चारा दाढेत तसाच राहू लागला, आणि बादलीत तोंड बुडवूनही तिला घोट गिळता येईना. पिसाळलेले जनावर पाण्याला भिते, ही आमची पिढीजात समजूत. ही तर पाण्याकडे ओढ घेत होती, त्यामुळे तो संशय कोणाच्या मनाला शिवलाच नाही. बटाट्याच्या काढणीचे दिवस होते, आणि गुराच्या घशात बटाटा अडकणे आमच्याकडे नवे नाही. गावातल्या एका उपचार करणाऱ्याने तर तशी खात्रीच दिली. माझ्या धाकट्या भावाने दोनदा कोपरापर्यंत हात घालून घसा चाचपला, आणि तोही लसूण काढून बोटांना चिरा पडलेल्या हाताने.

तिसऱ्यांदा मी बाह्या सरसावल्या होत्या. तेवढ्यात 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर केलेल्या फोनवरून आपला आवाज आला. आपण औषध सांगितले नाही, तीन प्रश्न विचारले: हंबरण्याचा आवाज घोगरा झाला आहे का, मागचे पाय लटपटतात का, आणि गेल्या काही महिन्यांत गोठ्यात कुत्रे शिरले होते का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी येताच आपण म्हणालात, “आता कोणीही तोंडात हात घालू नका, आणि ज्यांनी घातला आहे त्यांनी साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धुवावा, मी निघते आहे.” मार्गशीर्षात एक भटके कुत्रे खरोखरच गोठ्यात आले होते, चंद्रीच्या नाकपुडीजवळ बारीकसा ओरखडा दिसला, आम्ही हळद लावली आणि विसरून गेलो.

आल्यावर आपण हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी चढवून, दुरूनच बॅटरीच्या उजेडात तिला बराच वेळ न्याहाळले. लाळ-खुरकूत असती तर जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड दिसले असते, ते नव्हते. रेबीजचा विषाणू जखमेतून रक्तावाटे न पसरता मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, म्हणून तोंडाजवळचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा घातक; गुरांत लक्षणे दिसायला बहुधा काही आठवड्यांपासून काही महिने लागतात, पण एकदा दिसली की थोड्याच दिवसांत शेवट होतो आणि त्यावर उपचार नाही; घसा लुळा पडल्यामुळे गिळता येत नाही, आणि पाहणाऱ्याला मात्र काहीतरी अडकल्यासारखे वाटते: हे सारे आपण गोठ्याच्या दारात उभ्या राहून, आमच्या वृद्ध आईलाही कळेल अशा मराठीत समजावून सांगितलेत. घसा लुळा पडण्याची ती गोष्ट ऐकताना भाऊ आपल्या हाताकडे पाहत होता.

गाईचे निदान करून आपल्याला परत जाता आले असते. गुरांच्या डॉक्टरांचे काम तेवढेच, असे म्हणणारेही आम्हाला नंतर भेटले. पण चिरलेल्या त्वचेला लाळ लागणे हे चाव्याइतकेच गंभीर, म्हणजे सर्वांत धोक्याच्या तिसऱ्या श्रेणीतले आहे, तेव्हा लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) लागेल, असे चिठ्ठीवर लिहून आपण भावाला त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात पाठवलेत. आईने पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा धसका घेतला होता. ती मेंढीच्या मेंदूपासून बनणारी जुनी सेम्पल लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली, आता दंडाच्या त्वचेत 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी टोचतात, हे आपण सांगितल्यावर ती शांत झाली.

दुधाचा प्रश्न मला विचारायचा धीर होत नव्हता, कारण तीन घरी आमचा रतीब होता. आपण स्वतःच तो विषय काढलात. उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही, तेव्हा त्या घरांना घाबरवू नका, पण लपवूही नका, असे सांगून आपण माझ्याकडून त्याच वेळी तिन्ही फोन करवून घेतलेत. रोज सकाळी धारोष्ण दूध पिणाऱ्या काकांनाही आपण भावाबरोबर पाठवलेत. त्यांचा निर्णय माणसांचे डॉक्टर घेतील, असे स्पष्ट बजावून. (काकांनी धारोष्ण सोडले आहे, तापवलेल्या दुधाविषयीची त्यांची कुरकुर मात्र सुटलेली नाही.)

चौथ्या दिवशी चंद्री गेली. कातड्यासाठी माणूस आला होता, त्याला आपण हात लावू दिला नाहीत. मेंदूचा नमुना आपण स्वतः काढून प्रयोगशाळेत पाठवलात, खोल खड्ड्यात चुना टाकून तिला पुरेपर्यंत थांबलात, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्यानुसार या रोगाची खबर द्यावी लागते म्हणून कागदही पुरे केलेत. अहवाल आपल्या अंदाजाप्रमाणेच आला. चंद्रीचे वासरू आपण वेगळे बांधायला लावलेत, बाकीच्या जनावरांना लस टोचलीत. आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचून घेण्याचा जो तगादा आपण माझ्यामागे लावला आहे, तो मी अजून अर्धाच पुरा केला आहे, हेही इथे कबूल करतो.

परवा भावाचा 28 व्या दिवसाचा डोस झाला. प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी आपला फोन येत असे. परवा त्यानेच आधी आपल्याला फोन केला. कालवड वैशाखात विणार आहे. चिकाचा खरवस आई आपल्यासाठी काढून ठेवणार आहे, आणि तो नीट वाफवलेला असेल, असे तिने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

आपला कृतज्ञ,
एक गोपालक, खंडवा रस्ता, इंदूर